गणपतीचं तिकीट जुलैत, कासचं बुकिंग फुलं बघून

मागच्या अंकात आपण सुट्टीच्या प्रवासाबद्दलचे प्रश्न मागवले होते, आणि आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून होता, की बुकिंग नक्की किती आधी करायचं. कोणी म्हणतं वर्षभर आधी, कोणी म्हणतं शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळतं. मला विचाराल तर याचं एकच उत्तर नाही, कारण ट्रेन, सफारी, व्हिसा, विमान या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. त्यातलं ज्याला पर्याय नाही ते आधी पक्कं करायचं आणि बाकीचं त्याच्या मागून, एवढं एक धरून मी पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं गाव कणकवलीजवळ. दरवर्षी गणपतीला जातोच, घरचा गणपती आहे त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसलो तरी पाच मिनिटांत वेटिंग दीडशेच्या वर. आठ माणसं आहोत, आईचे गुडघे दुखतात, लोअर बर्थ लागतोच. किती आधीपासून तयारीला लागायचं?
(डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आमच्याच घरची सकाळ आठवली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. आधी १२० दिवस होतं, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, पण अजूनही कितीतरी घरांत चार महिन्यांचाच हिशोब डोक्यात असतो आणि मग मे महिन्यात साइट उघडून "दाखवतच नाहीये" म्हणून लोक सोडून देतात आणि नेमक्या दिवशी विसरतात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी आहे. म्हणजे बहुतेक सगळे शनिवारी १२ तारखेला निघायचं बघणार. प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस मोजायचे, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीचं बुकिंग १४ जुलैला मंगळवारी सकाळी ८ ला उघडणार. कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

आता यात एक खाचखळगा आहे आणि कोकणात जाणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेने. कोकणकन्या सीएसएमटीवरून रात्री अकराच्या सुमारास निघते, पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. तुम्ही पनवेलला चढणार असाल तर तुमच्या तिकिटावर १३ तारीख येईल, पण बुकिंग उघडेल १४ जुलैलाच, कारण गाडी १२ ची. १५ जुलैला बसलात तर एक दिवस उशीर झालेला असेल. तुतारीचं याच्या उलट. ती दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे आपण ज्याला शनिवारची रात्र म्हणतो ती गाडी कागदावर रविवारची, १३ तारखेची, आणि तिचं बुकिंग १५ जुलैला. माझ्या मावसभावाकडे हे झालंय. घडीचं मखर, दोन पिशव्या, पोरं, सगळं घेऊन शनिवारी रात्री साडेअकराला दादरच्या प्लॅटफॉर्मवर पोचले आणि तिकीट काढून बघतात तर तारीख शनिवारची, म्हणजे त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. वहिनी तिथेच बाकावर बसून रडल्या. शेवटी खासगी बसने मिळेल त्या भावात गेले आणि मूर्ती आणायच्या वेळेला कसेबसे घरी टेकले. तेव्हापासून आमच्याकडे रात्रीच्या गाडीचं तिकीट दोन जणांनी वाचल्याशिवाय पैसे भरत नाहीत.

तयारी म्हणाल तर ती जुलैच्या आधीच्या आठवड्यात करायची. आयआरसीटीसीचं अकाउंट आधारने व्हेरिफाय केलेलं हवं, कारण बुकिंग उघडतं त्या दिवशी तशाच अकाउंटला ऑनलाइन तिकीट काढता येतं. आठही जणांची नावं, वयं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवा, म्हणजे आठ वाजता "आत्याचं वय किती गं" असं ओरडत बसावं लागणार नाही. पैसे भरायला ओटीपीची वाट बघावी लागणार नाही असा मार्ग ठेवा. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे तुमची तशीही दोन तिकिटं होणार, तर ती दोघांनी आपापल्या अकाउंटवरून एकाच वेळी काढा.

आईंच्या लोअर बर्थचं सांगते. ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून, पण तो मिळतो तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर. सहा जणांच्या तिकिटात आईंचं नाव घातलंत तर तो कोटा लागत नाही. त्यामुळे आई आणि बाबांचं, किंवा आई आणि पंचेचाळीसच्या पुढच्या एखाद्या काकूंचं, दोघांचं वेगळं तिकीट काढा. डबा वेगळा येऊ शकतो हे खरं, पण रात्रभराचा प्रवास आहे आणि सोबत एक माणूस असेल तर डबा वेगळा असणं गुडघे दुखण्यापेक्षा परवडतं, असं माझं मत.

परतीचं तिकीट! हे दर वर्षी कोणीतरी विसरतंच. जाण्याचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात पेढे वाटतात आणि येण्याचं आठ दिवसांनी उघडतं ते डोक्यातून जातं. २० सप्टेंबरला निघायचं असेल तर बुकिंग २२ जुलैला उघडेल. तेही गोल करा. येताना गर्दी कमी असते असा समज आहे, तो गणपतीत तरी खरा नाही.

वेटिंगचं म्हणाल तर तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. जीएनडब्ल्यूएल (साधं वेटिंग) असेल तर पुढे सरकायची बऱ्यापैकी आशा, पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या कोट्याचं वेटिंग) असेल तर फार कमी, त्यावर विसंबून राहू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरून काढलेलं वेटिंग तिकीट घेऊन स्लीपरमध्ये शिरायची जी आपली जुनी सवय होती तीही आता चालत नाही. आरएसी असेल तर मात्र बिनधास्त जा, बसायला तरी हक्काची जागा असते.

आणि नाहीच मिळालं तर हात टेकू नका. गणपती स्पेशल गाड्या नंतर जाहीर होतात आणि त्यांचं बुकिंग वेगळ्या तारखेला उघडतं, तेव्हा जुलै आणि ऑगस्टमध्ये बातम्यांकडे लक्ष ठेवा. दुसरं म्हणजे एसटीचं गट आरक्षण. तुमच्या चाळीतले, सोसायटीतले, वाडीतले मिळून एका गाडीची माणसं होत असतील तर एसटी थेट गावापर्यंत जाते, कणकवलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधायला नको. पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गट आरक्षणाचा हिशोब कसा करतात ते आगारात जाऊन विचारूनच घ्या. तत्काळ हा माझ्या मते शेवटचा उपाय. आदल्या दिवशी एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी आईंना घेऊन त्या भरवशावर राहायचं हे मला पटत नाही.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना वाघ दाखवायचा आहे, ताडोबाला जायचं ठरतंय. रिसॉर्टचा फोटो आवडला म्हणून दोन रात्रींचे पैसे भरून टाकले, सफारी तिथे गेल्यावर बुक करू असं मिस्टर म्हणतात. चालेल ना?
(छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक)

उत्तर : नाही चालणार हो, आणि हे मी जोर देऊन सांगते कारण गेटवर हिरमुसून उभी राहिलेली मुलं मी डोळ्यांनी बघितली आहेत. ताडोबात एका फेरीला ठरावीकच गाड्या आत सोडतात, एका जिप्सीत सहा पर्यटक. एप्रिल-मे म्हणजे पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा सगळ्यात चांगला काळ, आणि नेमकी शाळांना सुट्टी, त्यामुळे कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाच्या, सफारी बुकिंग उघडलं की भराभर जातात, शनिवार-रविवार तर सगळ्यात आधी.

इथे क्रम असा हवा होता, की आधी सफारी, मग त्या गेटजवळची खोली, मग चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंतची ट्रेन. तुमचं उलटं झालंय. पण वेळ गेलेली नाही. आज पहिलं काम म्हणजे रिसॉर्टला फोन करून विचारा की तुमच्या सगळ्यात जवळचं गेट कोणतं. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी ही गेटं जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. खोली मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची असं झालं तर पहाटे अंधारात जंगल वळसा घालून जावं लागेल, मुलं गाडीत झोपलेली, आणि उशिरा पोचलात तर गेट तुमच्यासाठी थांबत नाही. गेट कळलं की अधिकृत साइटवर त्याच गेटची तारीख शोधा. मंगळवारी कोअर बंद असतं, तुमच्या दोन रात्रींत मंगळवार येतोय का बघा. बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलंय तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं, मुलांचीसुद्धा.

कोअर नाही मिळालं तर बफर, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यातली सफारी, घ्या आणि वाईट वाटून घेऊ नका, बफरमध्येही वाघ फिरतातच, त्यांना हद्द माहीत नसते. मुलांना मात्र आधीच सांगून ठेवा की वाघ दिसेलच असं नाही. सांबर, गवे, मोर, रानकुत्रे हे सगळं बघायला चाललोय असं म्हणून निघालात तर सुट्टी चांगली जाईल. आणि एक, यंदा नाही जमलं म्हणून मुलांना जुलैत घेऊन जाऊ असा विचार कराल तर कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे, तिकडे नात झाली. आम्ही दोघं जूनमध्ये जाऊ म्हणतोय. ट्रॅव्हल एजंट म्हणतो विमानाची तिकिटं आत्ता डिसेंबरमध्ये काढली तर खूप स्वस्त, व्हिसा काय मिळतोच. काढू का?
(पुण्याहून एक काका)

उत्तर : काका, आधी नातीबद्दल मनापासून अभिनंदन! आणि तिकीट थांबवा. रद्द केल्यावर पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसाच्या आधी काढायचं नाही. "व्हिसा काय मिळतोच" असं म्हणणाऱ्याचे पैसे त्यात अडकलेले नसतात, तुमचे असतात. रद्द करता येणारं, तारीख बदलता येणारं असेल आणि त्याचे चार पैसे जास्त जात असतील तर गोष्ट वेगळी, पण तेसुद्धा एजंटकडून लेखी घ्या, तोंडी नको.

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. १० जूनला निघायचं तर डिसेंबरच्या दहा तारखेपासून पुढे कधीही. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण त्यांनी जास्त कागद मागितले तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. आणि खरी अडचण असते ती अपॉइंटमेंटची, कारण उन्हाळ्यात युरोपला जाणारे सगळेच एकदम रांगेत येतात. म्हणून तुमच्यासाठी माझा हिशोब असा, की जानेवारीत कागद, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज, पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी तिकीट.

कागदांत सगळ्यात वेळखाऊ तुमच्या नाही, मुलाच्या हातात आहे. तो तुमचा खर्च उचलणार असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढावं लागेल आणि तिथेही अपॉइंटमेंट लागते, काही शहरांत चांगलीच वाट बघावी लागते. त्याला आजच फोन करून सांगा, बाळाच्या गडबडीत ते मागे पडेल. तुमचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. नूतनीकरण करायचं असेल तर ते सगळ्यात आधी. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा. व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. राहता येतं १८० दिवसांत ९० दिवस, तेव्हा काकूंना चार महिने राहायचंय असं असेल तर ते या व्हिसावर होणार नाही, घरात आधीच बोलून घ्या.

प्रश्न : विमानाचं तिकीट खरंच जितकं लवकर तितकं स्वस्त असतं का? आम्ही चौघं, पुढच्या वर्षी मे महिन्यात श्रीनगरला जायचंय. एअरलाइनवाले जवळजवळ वर्षभर आधी तिकिटं विकतात म्हणून लगेच काढू का?
(नाशिकहून एक वाचक)

उत्तर : जितकं लवकर तितकं स्वस्त असं सरळ नसतं. एकाच विमानातल्या एकाच प्रकारच्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेल्या असतात, स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. फार आधी कंपनीला घाई नसते, त्यामुळे तेव्हा भाव स्वस्तच असेल असं नाही, आणि शेवटच्या दिवसांत भाव चढतो कारण तेव्हा ज्याला जायचंच आहे तोच तिकीट काढतो. साध्या दिवसांना महिना-दोन महिने आधी बघितलं तरी चालतं. मे, दिवाळी, ख्रिसमस यासाठी तीन-चार महिने आधीपासून रोज नाही पण आठवड्यातून एकदा भाव लिहून ठेवा, आपल्याला अंदाज येतो.

एक करून बघा. चौघांचं एकदम शोधलं तर एक भाव दिसतो, मग एकाचंच शोधा. कधी कधी एकाचा भाव कमी दिसतो, कारण स्वस्त गटात दोनच सीट उरलेल्या असतात आणि चार मागितल्या की कॉम्प्युटर चौघांनाही वरच्या गटात टाकतो. अशा वेळी दोन आणि दोन अशी तिकिटं काढली की फरक पडतो. लहान मुलं असतील तर प्रत्येक तिकिटावर एक मोठं माणूस ठेवा.

पण वर्षभर आधी काढू नका असं मी सांगते त्याचं कारण भाव नाही. मी स्वतः एकदा मे महिन्यातली हिमाचलची सहल आदल्या सप्टेंबरमध्ये पक्की केली होती, हॉटेलवाल्याने पूर्ण पैसे आधी भरले तर सूट देतो म्हटलं म्हणून भरून टाकले. फेब्रुवारीत सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं आणि तारखा पुढे ढकलायला हॉटेलवाल्याने साफ नकार दिला. सूट मिळाली होती दोन हजारांची, गेले छत्तीस हजार. सासूबाई बऱ्या झाल्या, सगळं ठीक झालं, पण ते पैसे मनातून जायला वेळ लागला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांची रजा मंजूर, मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक हातात आणि म्हाताऱ्या माणसांची तब्येत बघूनच मी पैसे भरते. तोवर हॉटेल घ्यायचंच असेल तर फ्री कॅन्सलेशनचं घेते, आणि कोणत्या तारखेपर्यंत फ्री आहे ती तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवते.

प्रश्न : कासला जायचंय, जूनमध्येच साताऱ्याचं हॉटेल बुक करून ठेवू का? नंतर मिळत नाही म्हणतात.
(कोल्हापूरहून एक ताई)

उत्तर : ताई, कोल्हापूर-सातारा किती ते अंतर! तुम्ही तर सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकता, मग हॉटेल कशाला? कासची फुलं पावसाच्या मर्जीवर असतात. साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हंगाम, पण पाऊस लांबला की फुलं लांबतात, आणि रोज धुकं-पाऊस असला तर असलेली फुलंही मिटलेली दिसतात, त्यांना ऊन लागतं. जूनमध्ये तारीख पक्की करणं म्हणजे अंदाजाने दगड मारणं. सप्टेंबर लागला की साताऱ्यातल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन करून विचारा, सीतेची आसवं दिसायला लागली का, तेरड्याने सडा गुलाबी झाला का. हो म्हणाले की त्याच आठवड्यातला मधला वार बघून पठाराच्या साइटवर प्रवेशाचं बुकिंग करा. रोज ठरावीकच लोकांना सोडतात आणि शनिवार-रविवार पटकन भरतात, म्हणून मंगळवार-बुधवार बघा. सकाळी नऊ-दहाला वर पोचा, ऊन पडलेलं असतं आणि गर्दी यायची असते. छत्री आणि जास्तीचे मोजे घ्या, आणि फुलांत शिरून फोटो काढू नका, आखलेल्या वाटेवरूनच चाला.